लायसन लागत नाही, पण नियम लागतात

नमस्कार. वागळे इस्टेट, घोडबंदर रोड, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात आम्ही गच्चीवर रेडिओ लावून एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये नेट पोचवतो, आणि जवळजवळ प्रत्येक साइटवर एक वाक्य ऐकतो, "भाऊ, पॉवर फुल करून टाका ना." आम्ही तसं करत नाही. का, ते नीट सांगायला हे पत्रक.

आपले रेडिओ चालतात २.४ नाहीतर ५ गिगाहर्ट्झवर. २.४ लायसनमुक्त झालं २००५ मध्ये, आणि ऑक्टोबर २०१८ च्या नोटिफिकेशननं ५ गिगाहर्ट्झमधले मिळून ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले, ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५. अर्ज नाही, दरवर्षीची फी नाही, म्हणून लोकांना वाटतं इथे काहीही चालतं. पण ही मोकळीक अटींवर आहे. तुमच्यामुळे दुसऱ्याला त्रास व्हायला नको, आणि दुसऱ्याचा तुम्हाला झाला तर मला संरक्षण द्या असं म्हणता येत नाही, बँड सगळ्यांचा आहे.

आणि पॉवरला मर्यादा आहे. ५.८ मध्ये, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या वरच्या टोकाला, ती ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम (डीबीएम हे पॉवर मोजायचं दुसरं माप). गोम अशी आहे की ही नुसत्या रेडिओची पॉवर नाही, रेडिओ अधिक अँटेना असा हिशोब आहे, त्याला ईआयआरपी म्हणतात. डिश २३ डीबीआयची असेल (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप) तर रेडिओ १३ वर ठेवायचा, २३ आणि १३ छत्तीस, झालं.

मागच्या जूनमध्ये रबाळ्याच्या एका वर्कशॉपमधून फोन आला, रस्त्यापलीकडे साधारण ६०० मीटरवर त्यांचं गोडाऊन, आणि लिंक दिवसातून दहा वेळा पडते, कॅमेरे दिसत नाहीत, हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर अडकतं. आधीच्या माणसानं रेडिओत कंट्री कोड (कुठल्या देशाचे नियम पाळायचे ती सेटिंग) भलताच टाकून पॉवर २७ वर नेली होती आणि वर २३ ची डिश, म्हणजे ५० डीबीएम, म्हणजे १०० वॉट! परवानगी ४ ची. त्यात रिसीव्हरला सिग्नल मिळत होता उणे ३० डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त), इतक्या जवळून इतका जोर आला की समोरचा रेडिओ बधिरच होतो, कानाशी भोंगा लावल्यावर शब्द कळत नाहीत तसं. कंट्री कोड इंडिया केला, पॉवर १३ वर आणली, चॅनल बदललं, सिग्नल उणे ४४ ला स्थिर झाला आणि लिंक पडायची थांबली. शेजारच्या युनिटवाल्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं की काय केलंत, आमचंपण वायफाय सुधारलंय. त्यांना इतके दिवस कशाचा त्रास होतोय हे कळलंच नव्हतं.

आता डीएफएसबद्दल, म्हणजे रडार दिसलं की रेडिओनं आपणहून चॅनल सोडायची सोय, कारण सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच. लाइट जाऊन आली की काही चॅनलवर रेडिओ लगेच चालू होत नाही, आधी एक मिनिट नुसता ऐकतो, आणि ५६०० ते ५६५० च्या आसपास तर बऱ्याच रेडिओंमध्ये दहा मिनिटं. तो बिघडलेला नाही. तो रडार शोधतोय. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार २०२२ पासून चालू आहे, आणि सी-बँडची हवामान रडारं साधारण याच ५.६ गिगाहर्ट्झच्या भागात चालतात. रडारच्या चॅनलवर कुणी डीएफएस बंद करून डिश रोखली तर रडारच्या चित्रात पावसाच्या जागी खोटी रेघ उमटू शकते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस ज्यांनी पाहिलाय त्यांना आम्ही रडारचं महत्त्व काय सांगणार. डीएफएस आम्ही कुणाच्याही सांगण्यावरून बंद करत नाही, दहा मिनिटं परवडत नसतील तर ५.८ चं चॅनल देतो आणि रेडिओला छोटा यूपीएस लावतो.

रेडिओ घेताना लेबल आणि कागद दोन्ही बघा. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची ईटीए मंजुरी (उपकरणाच्या मॉडेलला मिळणारी मान्यता) त्याच मॉडेलची पाहिजे, त्याच्यासारख्या दुसऱ्या मॉडेलची चालत नाही, आणि सेल्फ डिक्लरेशनवाल्या सर्टिफिकेटचा नंबर ईटीए-एसडी असा सुरू होतो. अडॅप्टर उलटा करून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी नंबर, म्हणजे आर- आणि पुढे आठ आकडे आहेत का तेही बघा, परदेशातून बॅगेतून आणलेल्या मालावर बहुतेक वेळा यातलं काहीच सापडत नाही.

अजून एक, सोसायटीत एक कनेक्शन घेऊन शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटू नका, त्याला परवाना लागतो. दुकानातून वायफाय विकायचंच असेल तर डिसेंबर २०२० पासून पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वायफाय योजनेची सोय आहे, त्यात पीडीओला, म्हणजे वायफाय देणाऱ्या दुकानाला, लायसन लागत नाही, आम्ही लावून देतो.

काम झाल्यावर आम्ही ईटीएची कॉपी आणि सेटिंगच्या पानाचा फोटो देतो, त्यावर कंट्री कोड, चॅनल, पॉवर आणि डिशचा डीबीआय दिसतो. तो कागद गच्चीच्या चावीसोबत ठेवा, आणि उद्या दुसऱ्या कुणी येऊन पॉवर वाढवली तर आधी आम्हाला फोन करा.