अलास्कातलं राखीव तेल आणि मिठाच्या गुहांतलं राखीव तेल

तेलाचे भाव भडकले की अमेरिकेच्या बातम्यांत ‘राखीव तेल’ हमखास येतं आणि दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे अलास्काच्या उत्तर टोकाचा राष्ट्रीय पेट्रोलियम राखीव प्रदेश, दुसरी म्हणजे टेक्सास आणि लुइझियानातला सामरिक पेट्रोलियम साठा. दोन्ही केंद्र सरकारच्या ताब्यात आहेत आणि दोन्हींचं समर्थन ऊर्जा सुरक्षेच्या नावानेच होतं. पण ऐन संकटात उपयोगी पडतो तो फक्त दुसरा.

हा साठा समजायला सोपा आहे. १९७३-७४ च्या अरब तेलबंदीने हात पोळल्यावर १९७५ मध्ये कायदा झाला आणि मेक्सिकोच्या आखाताजवळ चार ठिकाणी, जमिनीखालच्या मिठाच्या थरांत गुहा तयार केल्या गेल्या. एकेक गुहा साधारण ६० मीटर रुंद आणि साडेसातशे मीटर उंच. तेल बाहेर काढायचं तर गुहेच्या तळाशी पाणी सोडतात. तेल हलकं असल्याने वर ढकललं जातं आणि पाइपलाइनला लागतं. हे तेल आधीच खरेदी केलेलं, सरकारच्या मालकीचं. राष्ट्राध्यक्षांनी आदेश दिला की सुमारे १३ दिवसांत ते बाजारात येऊ शकतं. एकूण क्षमता सुमारे ७१ कोटी बॅरल. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर त्यातलं १८ कोटी बॅरल सोडायचं ठरलं.

अलास्काची गोष्ट निराळी. १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी नौदलासाठी हा प्रदेश राखून ठेवला. युद्धनौका कोळशावरून तेलावर आल्या होत्या, आणि आर्क्टिकच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी तेल जमिनीतून आपोआप झिरपताना दिसत होतं. तेवढ्या खुणांवर सुमारे २ कोटी ३० लाख एकरांभोवती नकाशावर रेघ ओढली गेली. खाली किती तेल आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. नौदलाने मोठं शोधकाम हाती घेतलं ते १९४४ मध्ये. वर्षभरात युद्ध संपलं. ज्या गरजेसाठी जमीन राखली, ती गरज येऊन गेली आणि तेल जमिनीतच राहिलं. १९७६ च्या कायद्याने हा प्रदेश नौदलाकडून केंद्रीय जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याकडे (इंटिरियर) गेला. इथल्या केंद्रीय जमिनीवरचं पहिलं व्यावसायिक उत्पादन सुरू झालं २०१८ मध्ये, म्हणजे राखल्यानंतर ९५ वर्षांनी!

एवढा वेळ का लागतो, हे याच प्रदेशातल्या ‘विलो’ या तेल काढण्याच्या प्रकल्पात दिसतं. २०१७ मध्ये शोध जाहीर झाला, २०२० मध्ये मंजुरी मिळाली, २०२१ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, मार्च २०२३ मध्ये पुन्हा मिळाली. पहिलं तेल २०२९ च्या सुमारास अपेक्षित आहे. दिरंगाई फक्त कोर्टकचेऱ्यांची नाही. उन्हाळ्यात टुंड्राचा वरचा थर वितळून चिखल होतो, म्हणून अवजड सामान हिवाळ्यात, पाणी गोठवून केलेल्या बर्फाच्या रस्त्यांवरून न्यावं लागतं. त्यात एक हंगाम हुकला की जवळजवळ वर्ष गेलं.

शिवाय निघालेलं तेल सरकारचं नसतं. ते कंपनीचं, सरकारला स्वामित्वशुल्क आणि कर मिळतात. भाव जागतिक बाजारच ठरवतो.

मग ध्रुवीय तेलाचा ऊर्जा सुरक्षेशी संबंधच नाही का? आहे, पण तो पाइपलाइनमधून जातो. उत्तर किनाऱ्यावरच्या प्रूडो बे तेलक्षेत्रापासून दक्षिणेच्या वाल्डीझ बंदरापर्यंत सुमारे १,३०० किलोमीटरची नळवाहिनी २० जून १९७७ ला सुरू झाली. (मिठाच्या गुहांमध्ये पहिलं तेल भरलं गेलं ते त्यानंतर साधारण महिनाभराने.) १९८८ मध्ये तिच्यातून दिवसाला सुमारे २० लाख बॅरल वाहत होतं, आता पाच लाखांहूनही कमी. प्रवाह मंदावला की तेल वाटेत जास्त गार होतं, मेण साचतं, तेलातलं पाणी गोठायची भीती वाढते. ही वाहिनी बंद पडली तर उत्तर अलास्काचं सगळंच तेल अडकेल. विलोतून सर्वाधिक उत्पादनाच्या काळात दिवसाला १ लाख ८० हजार बॅरल मिळतील असा अंदाज आहे. वाहिनी चालती ठेवायला ते मोलाचं ठरेल, आणि माझ्या मते या प्रकल्पाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच.

पण हा मुद्दा तीस वर्षांच्या हिशोबाचा आहे आणि त्याची चर्चाही तशीच व्हायला हवी. २०४० च्या दशकात तेलाला मागणी किती असेल? या प्रदेशातल्या टेशेकपुक तलावाभोवती पिल्लं देणाऱ्या कॅरिबूंचं (रेनडिअर हरणांचं) काय? त्यांच्या शिकारीवर जगणाऱ्या नुइक्सुत गावच्या इनुपियाक या मूलनिवासी कुटुंबांचं काय? त्या गावातही मतं एकसारखी नाहीत, आणि ती ऐकून घ्यायला वेळ आहे. पंपावरचे भाव वाढले म्हणून हे प्रश्न घाईत उरकायचे, याला काहीच आधार नाही, कारण आज मंजूर केलेल्या विहिरीतलं तेल या भाववाढीत कुणाच्याही टाकीत पडणार नाही.