नदीच्या डोक्यावरून जाणारी नहर

पुलाचं काम निघालं की आमच्या भंडाऱ्याकडच्या खेड्यांत अजूनही कुजबुज सुरू होते, पुलाला नरबळी लागतो म्हणे, लेकरं सांभाळा. साफ खोटं आहे हे, आणि असल्या अफवेपायी एखादा परका फिरस्ता विनाकारण मार खातो. पूल कशावर उभा राहतो ते नीट समजलं तर हे डोक्यात शिरणारच नाही.

गोसेखुर्द धरणाच्या नहरीला नाला आडवा आला की आता काँक्रीटचा जलसेतू, म्हणजे पाणी वाहून नेणारा पूल, बांधतात, पण माझा लाडका जलसेतू आहे तिकडे उत्तराखंडात, रुडकीला. सोलानी नदी खालून आणि गंगेची अख्खी नहर वरून! प्रॉबी कॉटली या इंजिनियरनं 50-50 फुटांच्या 15 कमानींवर ती पेलली, 1854 मध्ये नहर सुरू झाली. सळईचं काँक्रीट तेव्हा नव्हतंच, होत्या भाजलेल्या इटा, चुना आणि सुरखी, म्हणजे इटांची भुकटी.

भट्टीवरची इट दोन दगडांवर टेकवा आन् मधोमध हातोडा मारा, चीर खालून सुरू होते, कारण वाकताना खालची बाजू ताणली जाते आणि इटेला ताण सोसत नाही. दाबली तर मात्र तीच इट कित्येक टन घेते. कमान वजनाचा सगळा दाबच करून टाकते, फक्त हा दाब तिरपा उतरतो, म्हणून कमान दोन्ही पाय सतत बाहेर ढकलते. भार सारखा पसरलेला असेल तर हा आडवा रेटा म्हणजे दर मीटरचा भार गुणिले गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या अंतराच्या) लांबीचा वर्ग, भागिले कमानीच्या उंचीची आठपट. उंची निम्मी केली की रेटा दुप्पट! आणि पाणी तीन मीटर खोल असलं तर दर चौरस मीटरवर तीन टन, रात्रंदिवस.

मधले खांब तरी सरकत नाहीत, कारण डावी कमान उजवीकडे रेटते, उजवी डावीकडे, दोघींचा रेटा कटतो आणि खांबाला राहतं फक्त उभं वजन. उरलेला रेटा दोन टोकांच्या जाड भिंती आणि मागचा भराव घेतात. खरा धोका बांधताना, एकाच कमानीचं सेंट्रिंग (खालचा तात्पुरता आधार) आधी काढलं तर खांब एका बाजूनं रेटला जातो.

या नहरीतून होड्याही चालवायच्या होत्या. भरलेली होडी पुलावर आली तरी कमानींवरचं वजन वाढत नाही, कारण होडी स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते, आणि ते पाणी लांब नहरीत पसरून जातं.