अर्धशिशी रोखणाऱ्या गोळ्या मुळात कुणासाठी होत्या?

अर्धशिशी वारंवार उठू लागली की डॉक्टर रोज घ्यायची गोळी लिहून देतात. रुग्ण घरी येऊन माहितीपत्रक वाचतो आणि चक्रावतो, कारण गोळी निघते रक्तदाबाची, नैराश्याची किंवा फिट येण्यावरची. ‘मला तर यातलं काहीच नाही’ म्हणून कित्येक जण ती सुरूच करत नाहीत. त्यांचा गोंधळ अगदी रास्त आहे. या दुखण्याला दीर्घकाळ इतर आजारांच्या औषधांवरच भागवावं लागलं.

सुरुवात मात्र तशी नव्हती. १९५९ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सचे डॉक्टर फेदेरिको सिकुतेरी यांनी मेथिसर्जाइड वापरून पाहिलं. सेरोटोनिन या मज्जातंतूंतल्या संदेशवाहक रसायनाला अडवणारं हे औषध अर्धशिशीचे झटके खरोखर कमी करत होतं. पण दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांच्या पोटाच्या मागच्या भागात तंतुमय ऊती वाढून मूत्रवाहिन्या आवळल्या जाऊ लागल्या. मग दर सहा महिन्यांनी काही आठवडे औषध बंद ठेवण्याचा नियम आला आणि पुढे ते जवळजवळ वापरातूनच गेलं.

दरम्यान जेम्स ब्लॅक यांनी ब्रिटनमध्ये हृदयशूळासाठी प्रोप्रॅनोलॉल तयार केलं होतं. छातीत दुखतं म्हणून ते घेणाऱ्यांची अर्धशिशीही कमी होते, असं १९६६ मध्ये नोंदलं गेलं. पुढच्या चाचण्यांत ते टिकलं आणि आजही ते पहिल्या पसंतीच्या औषधांत आहे. नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिन १९७० च्या दशकात आलं. नैराश्य नसलेल्यांनाही, आणि कमी डोसमध्येही, त्याचा गुण येतो. हे रुग्णाला आधीच नीट सांगितलं तर किती गैरसमज टळतील! अपस्मारावरच्या व्हॅल्प्रोएटला अमेरिकेत १९९६ मध्ये आणि टोपिरामेटला २००४ मध्ये अर्धशिशीसाठी मान्यता मिळाली. फ्लुनारिझिन अनेक देशांत सर्रास लिहिलं जातं, पण अमेरिकेत त्याला मान्यताच नाही. २०१० मध्ये बोटॉक्सची इंजेक्शनं आली, तीही फक्त महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस डोकं दुखणाऱ्यांसाठी.

या उसनवारीची किंमत रुग्णांनी मोजली. कुणाला सतत झोप येई, कुणाचं वजन वाढे, टोपिरामेटवर ऐनवेळी शब्दच सुचत नसे. व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहे आणि अर्धशिशी सर्वाधिक छळते ती नेमकी मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना. म्हणून बरेच जण गोळी सोडून पुन्हा वेदनाशामकांकडे वळत. साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, झटका आल्यावर घ्यायच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं काही महिने चाललं की औषधामुळेच डोकं दुखू लागतं. हा फेरा तोडायलाच तर प्रतिबंधक उपचार हवा असतो.

खरी वाट सापडली ती प्रयोगशाळेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सीजीआरपी नावाचा रेणू हाती लागला. मज्जातंतूंतून सुटणारा हा रेणू रक्तवाहिन्या रुंदावतो. पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन या संशोधकांना १९९० मध्ये आढळलं की अर्धशिशीच्या झटक्यात मानेतल्या शिरेच्या रक्तात तो वाढलेला असतो. २००२ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अर्धशिशीच्या रुग्णांना तो शिरेतून दिला आणि अनेकांना झटका आला. नुसता सोबती वाटणारा रेणू प्रत्यक्ष कारणांपैकी एक निघाला. माझ्या मते या इतिहासातला सर्वात मोलाचा प्रयोग हाच.

तरी औषध व्हायला आणखी सोळा वर्षं गेली. सीजीआरपीची वाट अडवणारी टेल्कागेपँट ही आशादायक गोळी रोज दिल्यावर काहींच्या यकृतातली एन्झाइम्स वाढली आणि २०११ मध्ये ती सोडून द्यावी लागली. मग प्रतिपिंडांचा, म्हणजे नेमक्या एकाच लक्ष्याला चिकटून ते अडवणाऱ्या प्रथिनांचा, मार्ग धरला गेला. महिन्यातून एकदा टोचायच्या एरेनुमॅब या प्रतिपिंडाला मे २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एका मोठ्या चाचणीत रुग्णांना महिन्याला सरासरी आठ दिवस अर्धशिशी होती. मोठ्या डोसवर ती ३.७ दिवसांनी कमी झाली, तर औषध नसलेल्या इंजेक्शनवर १.८ दिवसांनी. सरासरी फरक दोनच दिवसांचा, पण जवळपास निम्म्या रुग्णांचे त्रासाचे दिवस अर्ध्यावर किंवा त्याहूनही खाली आले. २०२१ मध्ये त्याच रेणूची वाट अडवणारी रोजची गोळी, अटोजेपँट, आली.

ही औषधं महाग असल्यानं आधी जुनी औषधं निष्फळ ठरल्याचं दाखवा, अशी विमा कंपन्यांची अट असे. २०२४ मध्ये अमेरिकन हेडेक सोसायटीनं स्पष्ट केलं की ती सुरुवातीलाच देता येतील, आधी दुसरी औषधं फसायची गरज नाही.