सिगार एका बाजूनेच का जळत जाते?

सिगारला ज्वाला दिसते ती पेटवताना, क्षणभर. त्यानंतर तासभर चालते ते धुमसणे. उदबत्ती, गोवरी आणि विझत आलेला निखारा याच पद्धतीने जळतात. ज्वालेत पदार्थातून सुटलेला वायू हवेत मिसळून पेट घेतो. धुमसताना ऑक्सिजन थेट कोळशाच्या पृष्ठभागाला भिडतो. सिगारच्या निखाऱ्यालगत काही मिलिमीटरच्या पट्ट्यात तीन कामे एकामागोमाग चालतात: पानातले पाणी उडून जाते, मग पान तापून वायू आणि डांबरी वाफा सोडते, आणि जो कोळसा उरतो तो जळून त्याची राख होते. हा पट्टा हळूहळू ओठांच्या दिशेने सरकत येतो. सगळीकडून सारख्या वेगाने सरकला तर राखेखाली नीट गोल रेघ उमटते. एका बाजूने घाई केली की रेघ तिरपी होते, आणि कधी कधी इतकी वाढते की अर्धी सिगार जळून गेलेली आणि उरलेली अर्धी लाकडाच्या ढलपीसारखी पुढे आलेली दिसते.

हा दोष दिसला की बहुतेकजण लगेच लायटर पुढे करतात. पण आधी पाहायचे ते एवढेच की निखारा नेमका कसा बिघडला आहे. एक बाजू दुसऱ्या बाजूच्या पुढे गेली आहे, की आतला गाभा वरच्या पानाच्या पुढे गेला आहे? दोन्ही वेळा 'सिगार नीट जळत नाही' असेच म्हटले जाते, पण उपाय परस्परविरोधी आहेत आणि त्याचे कारण हवेच्या वाटेत आहे.

१९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रिचर्ड बेकर यांनी सिगारेटच्या निखाऱ्याची बारकाईने मोजमापे घेतली. झुरका घेताना हवा निखाऱ्याच्या मधून फारशी जात नाही. ती कडेने, जळत्या रेघेजवळून आत शिरते. म्हणून त्या एक-दोन सेकंदांत सर्वाधिक तापतो तो परीघ, ९०० अंश सेल्सिअसच्याही वर. झुरका थांबला की परीघ निवतो आणि सर्वांत गरम भाग मध्याकडे जातो. सिगार सिगारेटपेक्षा जाड, तिच्यावर कागदाऐवजी पान, त्यामुळे आकडे तेच राहणार नाहीत. पण झुरका कडेला पोसतो आणि विश्रांती गाभ्याला, हा नियम तिलाही लागू पडतो.

आता तिरप्या रेघेचे पाहू. मागे राहिलेला भाग म्हणजे न जळलेल्या पानाचा एक उंचवटा. त्याला शेजारच्या निखाऱ्याची आच कडेनेही लागते आणि भोवती मोकळी हवाही असते. त्यामुळे तो थोड्या वेळात जळून बाकीच्यांना गाठतो. किंचित तिरपी झालेली सिगार आपोआप सरळ होते ती अशी. याच्या उलट ओढ लावणारी गोष्ट म्हणजे झुरका. जी बाजू पुढे गेली तिच्यापासून ओठांपर्यंतचे अंतर कमी उरले, म्हणजे हवेला अडथळा कमी. जोराने, घाईघाईने ओढले की हवा त्याच सोप्या वाटेने धावते आणि पुढे गेलेली बाजू आणखी पुढे जाते.

ऑक्सिजनसाठीची ही स्पर्धा प्रयोगशाळेत फार सुंदर दिसली आहे. इस्रायलच्या वाइझमान संस्थेतले ओरी झिक, झीव्ह ओलामी आणि एलिशा मोझेस यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अरुंद फटीत कागदाचा पातळ ताव ठेवून तो धुमसत ठेवायचा आणि समोरून ऑक्सिजन सोडायचा. ऑक्सिजन मुबलक असेपर्यंत जळती कड एकसंध सरकते. तो कमी करत गेले की कड फुटते आणि तिला बोटे येतात. पुढे गेलेली बोटे समोरचा ऑक्सिजन आधीच घेऊन टाकतात, त्यांच्यामधला कागद न जळताच राहतो. सिगारमध्ये हवेची दिशा वेगळी असते, त्यामुळे प्रयोग जसाच्या तसा लागू होत नाही. तरी धुमसणारी कड सरळ राहणे हे आच आणि हवा यांच्या तोलावर अवलंबून असते, ही गोष्ट मला तरी या कागदाइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

हा तोल पहिल्यांदा बिघडतो तो बहुधा पेटवतानाच. टोकाचा निम्मा भाग लाल झाला आणि निम्मा नुसता काळवंडला, तर तिरपेपणा तिथेच ठरतो. ज्वाला थोडी लांब धरून, सिगार फिरवत टोक सगळीकडून शेकायचे आणि मग पहिला झुरका घ्यायचा, ही पद्धत त्यासाठीच.

दुसरे कारण वळणीत असते. क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता अबाहो या भागातली तंबाखू जगभर नावाजलेली आहे. तिथे झाडाच्या शेंड्याकडच्या जाड, तेलकट पानाला लिहेरो म्हणतात. ते सावकाश जळते. खालचे पातळ पान वोलादो, ते चटकन जळते, आणि मधले ते सेको. कारागीर लिहेरो बरोबर मध्यभागी ठेवतो. ते कडेला सरकले की ती बाजू शेवटपर्यंत रेंगाळते. काही ठिकाणी आतली पाने पुस्तकासारखी दुमडून घालतात. काम लवकर होते, पण दुमडीच्या बाजूला पाने दाटतात आणि दुसऱ्या बाजूला हवेला मोकळी वाट मिळते. प्रत्येक पानाची वेगळी नळी करून त्या शेजारी शेजारी बसवणे वेळखाऊ, पण हवा सगळीकडून सारखी खेळते.

तिसरे कारण पाणी, आणि आपल्याकडच्या हवेत ते फार महत्त्वाचे. सिगार साधारणपणे ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. मुंबईच्या किंवा गोव्याच्या पावसाळ्यात ती ८०-९० टक्क्यांवर जाते आणि उघडी ठेवलेली सिगार बाहेरून आधी ओलावते. वरचे पान दमट आणि गाभा कोरडा, म्हणजे गाभा पुढे पळणार. पाणी किती उष्णता खाते पाहा: एक ग्रॅम पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९० ज्यूल लागतात, पण तेच उडवून लावायला सुमारे २,२६० ज्यूल. डबीतला आर्द्रतामापक खरे सांगतो की नाही हे घरी तपासता येते. बंद डब्यात त्याच्याशेजारी ओलसर चिखल होईल इतपत भिजवलेले मीठ ठेवले की काही तासांनी त्याने ७५ टक्के दाखवले पाहिजेत.

आणि एक कारण शेतातून येते. पानातले पोटॅशियम धुमसणे टिकवते, क्लोरीन ते मारते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेओफिल श्लोएसिंग यांनी १९व्या शतकातच पोटॅशियमची सेंद्रिय आम्लांबरोबरची क्षारे आणि पानाचे जळणे यांचा संबंध दाखवला. म्हणून तंबाखूला म्युरेट ऑफ पोटॅश टाळून सल्फेट ऑफ पोटॅश देण्याचा सल्ला असतो. म्युरेट म्हणजे क्लोराइडच. वेष्टनाचा स्वभाव किती फरक पाडतो ते सिन्नरच्या विडीतही दिसते. तेंदूचे पान जेमतेम जळते आणि त्यातून हवाही फारशी जात नाही, म्हणून ओढणारा थांबला की विडी विझते.

मग दुरुस्ती. रेघ थोडीच तिरपी असेल तर मिनिटभर काहीही करू नये. झुरका नाही म्हणजे सोप्या वाटेने हवा ओढली जात नाही, आणि तेवढ्यात आच कडेने पसरते. पंख्याचा वारा एका अंगाला लागत असेल तर जागा बदलावी. रेंगाळलेली बाजू खाली येईल अशी सिगार धरतात, कारण गरम वायू वर चढतात आणि ताजी हवा खालून येते. एवढ्याने भागले नाही तर राख हलकेच झटकून फक्त मागे राहिलेल्या भागाला ज्वाला दाखवावी, ती पानाला न टेकवता. काहीजण उलट करतात: घाई करणाऱ्या बाजूला, रेघेच्या किंचित पुढे, ओले बोट फिरवतात. थेंबभर, म्हणजे साधारण ०.०५ ग्रॅम पाणी उडताना सव्वाशे ज्यूलच्या आसपास उष्णता नेते. एवढ्याशा जागेसाठी हे पुरेसे असते. मात्र भिजलेले पान सोलून निघू शकते, म्हणून मला ज्वालाच बरी वाटते.

गाभा पुढे गेला असेल तेव्हा मात्र थांबणे उपयोगाचे नाही. झुरक्यांत फार खंड पडल्यामुळेच बऱ्याचदा हे होते. हलके झुरके थोडे लवकर घ्यावेत, म्हणजे कडेला हवा मिळते, आणि वरच्या पानाला गोल ज्वाला फिरवावी.

नीट जळणारी सिगार कमी अपायकारक असते, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. धुमसणे हे मुळातच अपुरे ज्वलन आहे आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून निघणारच. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तिचा धूर बहुधा अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत न ओढताही निकोटीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जाते. तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांचे कर्करोग सिगारनेही होतात.

सारे उपाय करूनही गाभा पुढे जळून झालेली पोकळी वाढतच गेली, तर पोकळीच्या पुढे धारदार पात्याने सरळ काप घेऊन सिगार नव्याने पेटवतात. तिची चव आधीसारखी राहत नाही. जळताना निघालेल्या डांबरी वाफा पुढच्या थंड पानांवर सतत साचत आलेल्या असतात आणि आता तीच पाने जळायची असतात. आणि दोष वळणीतच असेल, लिहेरो एका अंगाला बसले असेल, तर काप घेऊनही थोड्या वेळाने रेघ पुन्हा त्याच बाजूला कलते.