‘लिटरला किती?’ आणि ‘एकराला किती?’

औषधाच्या दुकानात द्राक्षबागायतदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “लिटरला किती टाकू?” दुकानदार सांगतो, “दोन ग्रॅम.” व्यवहार संपला. तुमच्या यंत्रातून एकराला किती लिटर पाणी जातं, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. मला विचाराल तर डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) हाताबाहेर जाण्याची आणि माल रेसिड्यूमध्ये, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशामुळे, अडकण्याचीही बरीचशी सुरुवात इथेच होते.

लिटरला दोन ग्रॅम ही द्रावणाची तीव्रता झाली. एकराला आठशे ग्रॅम ही मात्रा झाली. बोलताना आपण दोन्हीला ‘डोस’ म्हणतो, आणि एकराला 400 लिटर पाणी मारत असाल तर दोन्ही खरंच एकच ठरतात. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारशी देतं त्या पूर्ण वाढलेल्या बागेत हेक्टरी 1000 लिटर पाणी धरून. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, म्हणून एकरी साधारण 400 लिटर. हे पाणी बदललं की दोन मापांची फारकत होते.

लिटरचं माप आपल्या इतकं अंगवळणी का पडलं, त्यालाही कारण आहे. पूर्वी सगळी फवारणी जास्त दाबाच्या एचटीपी पंपानं आणि हातातल्या गननं व्हायची. माणूस वेलीपुढे उभा राहून पान ओघळेपर्यंत मारायचा. पान आपल्या अंगावर ठरावीकच पाणी धरतं, बाकीचं खाली गळतं. अशा फवारणीत पानावर किती औषध राहील हे द्रावणाच्या तीव्रतेवरच ठरतं. दीडशे लिटर जास्त मारलं तर ते मातीत जाईल, पानावर फारसं वाढणार नाही. एक टक्का बोर्डो (बुरशीवरचं जुनं मिश्रण) म्हणजे 100 लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना, हा हिशेब त्याच पद्धतीतला. त्या काळी ‘लिटरला किती’ हा प्रश्न अगदी बरोबर होता.

ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेनं फवारणारं ट्रॅक्टरचं यंत्र, आला आणि गणित बदललं. ब्लोअरचे थेंब बारीक असतात, हवेबरोबर आत शिरतात आणि ओघळायच्या आत पानावर बसतात. जेवढं टाकीतून निघालं त्यातलं बरंच पानावर राहतं. आता पानावरचं औषध दोन गोष्टींवर ठरतं: लिटरला किती मिसळलं आणि एकराला किती लिटर गेलं. ब्लोअरनं एकरी 200 लिटर मारून लिटरला दोनच ग्रॅम ठेवलं, तर आठशेच्या जागी चारशे ग्रॅम गेलं. म्हणजे निम्मा डोस. बुरशी मरत नाही, उलट त्या औषधाला सरावते. मग आपण म्हणतो, “औषधात दम राहिला नाही.”

याची उलटी चूकही तितकीच होते. छाटणीनंतर पाच-सहा पानांवरच्या बागेत पानांचं क्षेत्र मुळात थोडं असतं. तिथे 150 लिटर पाणी पुरतं, आणि लिटरचं माप तसंच ठेवलं की एकरी औषधही आपोआप कमी होतं. ते योग्यच आहे. तिथे कुणी आठशे ग्रॅमचा हट्ट धरला, तर कोवळ्या पानांवर तीव्र द्रावण पडेल.

म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: पाणी कमी झालं ते कशामुळे? पानं कमी आहेत म्हणून कमी झालं असेल, तर लिटरचं माप धरायचं. यंत्र बदललं म्हणून कमी झालं असेल आणि बाग तेवढीच दाट असेल, तर एकराचं माप धरायचं. मात्र औषधाचं लेबल तेवढी तीव्रता मान्य करत असेल तरच. गंधक उन्हात करपवतं. दोन-तीन औषधं एकत्र असतील तर घट्ट द्रावणात ती एकमेकांशी बिघडण्याची भीती जास्त. अशा वेळी पाणीच वाढवावं.

काही कामं मात्र पूर्णपणे तीव्रतेचीच आहेत. जीएमध्ये (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संजीवक) घड बुडवताना 10 पीपीएम म्हणजे 100 लिटरला एक ग्रॅम. बादली कितीही रिकामी होवो, घडाला मिळतं ते पीपीएमप्रमाणे. वेलीच्या डोळ्यांना, ते फुटावेत म्हणून, हायड्रोजन सायनामाइड लावतानाही तेच. तिथे ‘एकराला किती’ या प्रश्नाला अर्थ नाही.

आता मुद्दा येतो तो आपलं यंत्र एकराला किती मारतं हे कळण्याचा. टाकी एवढ्या लिटरची, दोन टाक्या लागतात, हा अंदाज झाला. मोजायला एक सकाळ पुरते. टाकीत फक्त साधं पाणी घ्या, टाकी अर्धी भरलेली ठेवा, नेहमीचा गिअर आणि नेहमीचा प्रेशर ठेवा. बागेतल्या ओळीत, डांबरी रस्त्यावर नाही, 50 मीटर मोजून ट्रॅक्टरला लागणारा वेळ घ्या. 45 सेकंद लागले तर वेग ताशी 4 किलोमीटर. मग ट्रॅक्टर उभा करून, पंखा बंद ठेवून, प्रत्येक नोझलला नळी लावा आणि एक मिनिट पाणी बादलीत धरा.

नऊ फूट अंतराच्या ओळी असतील तर एकरात सुमारे 1475 मीटर ओळ भरते. ताशी 4 किलोमीटरनं ती चालायला 22 मिनिटं लागतात. सगळ्या नोझलचं मिळून मिनिटाला 18 लिटर येत असेल, तर एकरी साधारण 400 लिटर. हाच ट्रॅक्टर ताशी 5 नं गेला तर 320 लिटरच जातं. लिटरला दोन ग्रॅमनं बघितलं तर आठशेचे 640 ग्रॅम झाले, तेही टाकीतलं औषध एका थेंबानं न बदलता. आणि कुणी वेळ वाचवायला एकाआड एक ओळ चालवली, तर ओळीची लांबी निम्मी झाली, म्हणजे पाणीही निम्मंच.

पाणी कमी पडतंय म्हणून प्रेशर वाढवू नका. नोझलमधून दुप्पट पाणी हवं असेल तर प्रेशर चौपट लागतो, आणि त्यानं थेंब इतके बारीक होतात की धुक्यासारखे उडून शेजारच्या बागेत जातात. वेग कमी करा किंवा मोठ्या छिद्राची चकती बसवा. ज्या नोझलचं पाणी बाकीच्यांच्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघतं, ते झिजलं समजून बदलावं. आमच्या ब्लोअरची दोन नोझल्स हाताला अगदी बरी वाटत होती, बादलीनं खरं सांगितलं. त्या दोन नोझल्सच्या जागी किती हंगाम घडांवर जास्त औषध बसलं असेल, याचा विचार आजही अस्वस्थ करतो. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोभर फळात 0.01 मिलिग्रॅम एवढीच परवानगी आहे, आणि काढणीजवळ तिथे चुकीला जागा नसते.

एकरी आकडा बरोबर आला तरी तो सगळ्या पानांना सारखा मिळतो असं नाही. वाय ट्रेलिसवर (इंग्रजी Y आकाराच्या मांडवावर) पानोरा वरच्या दोन हातांवर असतो, आणि एका पंख्याच्या ब्लोअरची हवा फिरत्या दिशेमुळे एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली झुकते. त्यासाठी पिवळे वॉटर सेन्सिटिव्ह पेपर घडाजवळ, पानाच्या खालच्या बाजूला, दोन्ही हातांवर लावा आणि साध्या पाण्यानं एक फेरी मारा. थेंब पडेल तिथे कागद निळा होतो. पूर्ण निळा झाला तर तिथे पाणी ओघळतंय, पिवळाच राहिला तर डावणीला तिथे घर मिळालंय. आमच्या बागेत खालच्या बाजूचे कागद पिवळे निघाले होते. दोन नोझलची दिशा वळवली, आणि एकरी पाणी तेवढंच ठेवून ते भरले.