पावसाचा पट्टा जमिनीवर चढतो का?

जुलैतले उपग्रहाचे चित्र पाहिले की बंगालच्या उपसागरापासून राजस्थानकडे ढगांचा एक पट्टा आडवा पसरलेला दिसतो. तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की महाराष्ट्रात पाऊस ओढ देतो. संगणकी हवामान मॉडेलांची, म्हणजे वातावरणाचे गणित संगणकावर सोडवणाऱ्या प्रतिकृतींची, खरी कसोटी याच पट्ट्यावर लागते.

जमीन तापते म्हणून समुद्रावरून वारे येतात, हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मांडले आणि आपण शाळेत तेच शिकलो. पण जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात. पावसात खंड पडला की ती पुन्हा तापते, तरी पाऊस येत नाही. १९८० मध्ये हवामानशास्त्रज्ञ देवराज सिक्का आणि मूळच्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहचित्रांवरून रोजचे ढग तपासले. विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरही एक पट्टा तयार होतो आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकून जमिनीवरच्या पट्ट्यात जीव ओततो, असे त्यांना दिसले. मला हे काम फार मोलाचे वाटते. नुसता सरासरी पाऊस जुळून उपयोग नाही, पट्ट्याची ही चाल मॉडेलात उतरते का, हे त्यामुळे विचारता आले.

त्याआधी, १९७५ मध्ये, हान आणि मानाबे या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत मॉडेलातून पर्वतच काढून पाहिले होते. पर्वतांशिवाय मान्सून आशिया खंडात तितका उत्तरेपर्यंत पोहोचेना.

गाडगीळ आणि साजनी यांनी १९९८ मध्ये जगभरातली ३० मॉडेले तपासली. समुद्राचे १९७९ ते १९८८ चे प्रत्यक्ष तापमान सगळ्यांना दिलेले होते. तरीही अनेक मॉडेलांचा पट्टा पावसाळ्यात समुद्रावरच रेंगाळला. मॉडेल पृथ्वीचे चौकटींत तुकडे करून हिशेब करते; ढग काही किलोमीटरांचा आणि ही चौकट शेकडो किलोमीटरांची, त्यामुळे ढग सूत्रांनी अंदाजावर बसवावे लागतात. महाबळेश्वरची मुसळधार आणि माणदेशातला कोरडा माळ एकाच चौकटीत येतात. सह्याद्री सपाट होऊन जातो.

२०१२ मध्ये मान्सूनचा अंदाज सुधारण्यासाठी भारत सरकारचे मान्सून मिशन सुरू झाले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने अमेरिकी मॉडेल घेऊन त्याची चौकट सुमारे ३८ किलोमीटरांवर आणली. घाट थोडे उठून दिसू लागले, पण मध्य भारतात मॉडेलचा पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमीच पडत राहिला.