चित्र खराब येतंय? मशीन आणण्याआधी हे वाचा

(जुन्या होम कॉम्प्युटरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच स्पेक्ट्रम आणि कमोडोरवर एकच चिठ्ठी असते: ‘डिस्प्ले खराब’. आम्ही मशीन आमच्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला जोडतो आणि चित्र लख्ख येतं. मशीन परत जातं. मग आठवडाभरात फोन येतो, ‘अहो, घरी अजून तसंच दिसतंय!’ दिसणारच. दोष मशीनमध्ये नव्हताच. तो मशीन आणि टीव्ही यांच्यामधल्या कन्व्हर्टरच्या त्या छोट्या डबीत होता, आणि डबी घरीच राहिली होती.

म्हणून पहिली विनंती: मशीनबरोबर तुमची केबल, कन्व्हर्टर आणि अ‍ॅडॉप्टरही आणा. टीव्ही आणायची गरज नाही, त्याच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो पुरतो. एवढं केलंत तर तुमचीही एक फेरी वाचते आणि आमचीही अर्धी दुपार.

डबी काय गोंधळ घालते

ऑनलाइन मिळणारी स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबी सीसीटीव्ही किंवा जुन्या डीव्हीडी प्लेअरसाठी ठीक आहे. होम कॉम्प्युटरसाठी नाही, आणि त्याला कारण आहे.

पाल या आपल्याकडच्या जुन्या अॅनालॉग टीव्ही पद्धतीच्या प्रसारणात एका पूर्ण चित्राच्या ६२५ रेषा दोन हप्त्यांत येतात, आधी एकाआड एक, मग त्यांच्या मधल्या. असे सेकंदाला ५० हप्ते. तुमचा कमोडोर किंवा स्पेक्ट्रम मात्र ३१२ रेषांचं पूर्ण चित्र सेकंदाला सुमारे ५० वेळा त्याच जागी काढतो. हप्ता वगैरे भानगड नाही. पिक्चर ट्यूबला याचं काहीच वाटत नाही. डबी मात्र हे दोन अर्धे तुकडे आहेत असं समजून ते एकमेकांत गुंफत बसते. त्यामुळे अक्षरांच्या आडव्या कडा थरथरतात आणि पळणाऱ्या चित्राला कंगव्यासारखे दाते फुटतात. काही गेममध्ये सावली किंवा गोळी मुद्दाम एकाआड एक चित्रात दाखवलेली असते. ती कधी कायमची ठळक होते, कधी साफ गायब. वर डबी ५० चे ६० हर्ट्झ करून देते, म्हणून स्क्रोलिंग अडखळतं. शेवटी ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं की गोल चेंडूचा बटाटा होतो.

डबीवर ‘१०८० पी’ छापलेलं असतं. तो आकडा बाहेर पडणाऱ्या चित्राचा. आत घेतानाच जे बिघडलं, ते त्या आकड्याने सुधारत नाही.

आणखी एक गंमत म्हणजे एव्ही-टू-एचडीएमआय आणि एचडीएमआय-टू-एव्ही या दोन डब्या दिसायला सारख्याच असतात. उलटी डबी घेऊन ‘मशीन मेलं’ म्हणणारे ग्राहक आम्हाला नवीन नाहीत.

खर्च न करता आधी हे करा

टीव्हीला एव्ही इनपुट असेल तर डबी काढून थेट जोडून पाहा. जुना संकेत बदलून दाखवण्याचं काम टीव्ही अनेकदा डबीपेक्षा बरं करतो. टीव्हीत शार्पनेस अगदी खाली आणा, गेम मोड लावा, स्क्रीन ४:३ करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं, तर पिवळी पिन कुठे लावली आहे ते बघा. अनेक टीव्हींत कंपोझिट (सगळं चित्र एकाच तारेवर) आणि कंपोनंट (चित्र तीन तारांवर) यांना मिळून एकच हिरवं सॉकेट असतं. मेन्यूत ‘कंपोनंट’ निवडलेलं असेल तर रंग येणार नाहीत. टीव्हीला हेडफोनसारखं बारीक एव्ही सॉकेट असेल, तर त्याच टीव्हीसोबत आलेली केबल वापरा. पिनेवरच्या कड्यांचा क्रम सगळ्या केबलमध्ये सारखा नसतो. क्रम चुकला की चित्राचा संकेत आवाजात शिरतो आणि स्पीकरमधून नुसती घरघर ऐकू येते.

कोणत्या मशीनला काय

स्पेक्ट्रम (भारतात विकला गेलेला डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लससुद्धा): ४८ के मेमरीच्या मशीनमधून फक्त अँटेनाचा संकेत निघतो. इंग्लंडचं मशीन यूएचएफ ३६ व्या चॅनलवर असतं. नव्या टीव्हीचं ऑटो ट्यूनिंग तो चॅनल सहसा ओलांडून जातं. आम्ही कंपोझिट बाहेर काढून देतो, त्याने मुंग्या आणि धुरकटपणा जातो. लाल-निळ्याच्या सीमेवर सरकणारे बारीक ठिपके मात्र थोडे राहतात. तो या मशीनच्या रंगसंकेताचा स्वभाव आहे, दुरुस्तीचा विषय नाही.

‘दोन वायरी बदलायच्या तर आहेत, एवढे पैसे कसले?’ असं विचारतात. दोन वायरींत काम होतं, खरं आहे, आणि बऱ्याच टीव्हींवर ते चालतंही. पण मॉड्युलेटरला (चित्राचा अँटेना-संकेत बनवणाऱ्या आतल्या भागाला) जाणारा संकेत ७५ ओमच्या केबलचा भार पेलण्यासाठी बनवलेला नाही. काही टीव्हींवर चित्र काळवंडतं किंवा उड्या मारतं. आम्ही मध्ये एक ट्रान्झिस्टरची पायरी घालतो. मॉड्युलेटर उपटत नाही, त्याच्या वायरी सोडवून टोकांना इन्सुलेशन करून आतच ठेवतो. केसला नवीन भोक पाडत नाही. उद्या मशीन मुळासारखं करायचं ठरलं तर दहा मिनिटांत होतं.

आणि अ‍ॅडॉप्टर! स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्ट पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो. राउटरचा अ‍ॅडॉप्टर ‘बसतो’ म्हणून लावू नका. त्यानंतर येणारं मशीन खरोखरच नादुरुस्त असतं.

कमोडोर ६४: याच्यात उजेड आणि रंग वेगवेगळे बाहेर काढायची सोय आहे, म्हणजे एस-व्हिडिओ, फक्त मागचं सॉकेट ८ पिनांचं हवं. सुरुवातीच्या ५ पिनांच्या मशीनमध्ये रंग वेगळा मिळत नाही. बाजारातल्या केबलचा दोष असा की कमोडोरचा रंगसंकेत आजच्या टीव्हीला फार जोरकस पडतो आणि रंग कडेबाहेर सांडतात. आमच्या केबलमध्ये रंगाच्या तारेवर ३३० ओमचा रेझिस्टर असतो. तुमची केबल आणलीत तर तिच्यातही बसवून देऊ. पडद्यावरचे फिकट उभे पट्टे थोडेफार राहतात, तो बिघाड नव्हे. इंग्लंडहून आणलेलं मशीन अँटेनाने जोडलं आणि चित्र आलं पण आवाज आला नाही, तरी घाबरू नका. तिकडच्या मशीनचा आवाज ६ मेगाहर्ट्झवर असतो, आपल्याकडचा टीव्ही तो ५.५ वर शोधतो.

बीबीसी मायक्रो: १९८४-८५ च्या ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षणाच्या उपक्रमात शाळांना मिळालेली मशीन अजूनही कपाटातून निघतात. त्याचं कंपोझिट मुळातच ब्लॅक अँड व्हाइट आहे. बोर्डावरची एस-३९ ही जोडणी पूर्ण केली की रंग येतात. पण खरी मजा आरजीबीत, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळ्या तारांवर घेण्यात आहे. रास्पबेरी पाय झीरो या छोट्या संगणक-बोर्डावर चालणारं आरजीबी-टू-एचडीएमआय जोडलं की ८० अक्षरांची ओळ कोरल्यासारखी दिसते. आम्ही ते जुळवून, मशीननुसार सेट करून देतो.

अमिगा ५०० चंही कंपोझिट ब्लॅक अँड व्हाइटच असतं. त्याचं आरजीबी थेट व्हीजीए मॉनिटरला लावू नका. मशीनचा रेषा काढायचा वेग १५ किलोहर्ट्झच्या आसपास, मॉनिटरचा ३१ च्या पुढे, म्हणजे जोड मिळाला तरी चित्र मिळत नाही. त्याला हा वेग बदलून देणारा स्कॅन कन्व्हर्टर लागतो. तो आमच्याकडे लावून, बघून मग घ्या.

तपासणी शुल्काबद्दल

मशीन ठीक निघालं तरी आम्ही तपासणीचे पैसे घेतो, यावर काहींची नाराजी असते. पण मशीन उघडणं, व्होल्टेज मोजणं, तासभर तापवून पाहणं यात जाणारा वेळ दोष सापडो न सापडो, तेवढाच असतो. दुरुस्ती किंवा केबल आमच्याकडून घेतलीत तर शुल्क बिलातून वजा होतं. केबल आणि कन्व्हर्टरसह आलेल्या मशीनची जोडणी तुमच्यासमोर तपासतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

कुरिअरने पाठवत असाल तर केबल-कन्व्हर्टर त्याच खोक्यात, पण वेगळे गुंडाळून ठेवा. कमोडोरचा जुना जड अ‍ॅडॉप्टर मशीनला जोडून पाहू नका, तसाच पाठवा. त्यातला ५ व्होल्टचा भाग बिघडला की व्होल्टेज वर चढतं आणि मेमरी चिप जळतात. आम्ही आधी तो मोजतो, मगच मशीन लावतो.